बर्डीचा उजवा पाय

महाल, नागपूर
१३ ऑक्टोबर १९७३

ती. कुसुमताईस रविंद्रचा शि. सा. न. वि. वि.

मुकुंद अन् प्रेमिला रामटेकले नीट पोचल्याचं भाऊजींचं कार्ड आलं. भाऊले अन् वहिनीले वाचून दाखवलं. पोट्टे दिवाळीच्या सुट्टीत आत्याकडे गेले अन् घर कसं शांत झालं, असं वहिनी म्हणते. मले नाही वाटत. पोट्ट्यांच्या गोंधळात एक आवाज झाकला जात होता, तो आता सकाळपासून ऐकू येऊन राहिला. खर्र, खर्र, खर्र. बर्डी खाजवून राहिला.

तू उन्हाळ्यात आली होती तेव्हा त्याले काही नव्हतं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी सुरू झालं. गल्लीतले सारे पोट्टे आपापले लाकडी बैल चाकांवर ओढत नेतात, आपल्या मुकुंद-प्रेमिलानं कुत्र्याचाच बैल केला. पुठ्ठ्याची शिंगं, कपाळाले बेगड, पाठीवर वहिनीचं जुनं पोलकं झूल म्हणून. एवढ्यानं भागलं नाही, त अंगाले लाल रंग. रंग कोणता? दरवाज्याले मारायचा ऑइलपेंट! बक्षीस मिळालं बाप्पा, एक पेन्सिल अन् एक खोडरबर. मंग तो रंग काढाले रॉकेल चोळलं. त्यानंतर केस गेले, अन् केस गेले त लूत आली.

आता ऐकायचं असेल त ऐक, नाहीतर हा परिच्छेद सोडून दे. पाठीवर पोळीएवढी जागा उघडी आहे, करड्या-गुलाबी रंगाची, अन् कडेले पापुद्रे. डाव्या कानातून पाणी. वास असा, की लोणच्याच्या बरणीत कोणी ओले मोजे भरून ठेवले. अन् त्याले झोपाले सापडते कुठं? माझ्या खोलीच्या उंबऱ्यावर. मी त्याच्यावरून उडी मारून जातो. हात लावत नाही, तरी आल्यावर दोनदा साबणानं हात धुतो. पोट्टे त्या पाठीवर गाल ठेवून झोपत होते, ताई. ते आठवलं की मले जेवण जात नाही.

अन् त्या पोट्ट्यांनी जाताना मले शपथेत अडकवलं. ते बर्डीले पत्र लिहिणार, मी त्याले वाचून दाखवायचं, अन् त्याच्या वतीनं उत्तर लिहायचं. खाली त्याच्या उजव्या पायाचा ठसा, न शिकलेला माणूस अंगठा देते तसा. एम. ए. झालो तो कुत्र्याचा कारकून व्हायसाठी.

दुसरी बातमी. पुढच्या रविवारी, २१ ले, धरमपेठेतले गोपाळराव आपलं घर पाहाले येऊन राहिले. त्यांच्या मुलीचं नाव कौसल्या. भाऊनं पुढच्या खोलीले चुना मारून घेतला. मी फोटो पाहिला, चांगली आहे, तिच्या मागचा पडदा मळका आहे.

भाऊजींले नमस्कार. लोभ जसा आहे तसा राहू देजो.

तुझा
रविंद्र


रामटेक
१४ ऑक्टोबर १९७३

चि. बर्डीस अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहो. तू कसा आहे ते कळव. काका हे पत्र वाचून दाखवत असेल. काका, मधले शब्द गाळू नको, त्याले समजते.

इथं गडावर लय माकडं आहेत. एकानं आत्याच्या हातातून केळं नेलं, अन् भाऊजी हसले, मंग आत्या दिवसभर भाऊजींशी बोलली नाही. आत्या म्हणते भाऊजी नाही म्हणायचं, मामाजी म्हणायचं, पण काका भाऊजी म्हणते त आम्हालेही तेच येते. धानात पाणी आहे. तू असता त चिखलात लोळला असता, अन् तुझी खाज बरी झाली असती.

आता प्रेमिला लिहिते. बर्डी, रडू नको. तुझा दुखरा पाय सारखा चाटू नको. आम्ही येऊ तेव्हा तुले पिवळ्या दोऱ्याचा पट्टा आणू. सही उजव्या पायानंच करजो.

आमचा लोभ तुझ्यावर सगळ्यात जास्त आहे, हे आईले सांगू नको.

मुकुंद
प्रेमिला


महाल, नागपूर
१६ ऑक्टोबर १९७३

ती. मुकुंददादा व ती. प्रेमिलाताई यांस बर्डीचा चारही पाय टेकून नमस्कार वि. वि.

आपलं पत्र पावलं. वास घेतला, दोघांचाही आला. आत्याच्या घरच्या लोण्याचाही आला.

इकडचे हाल असे की, काका माझ्यावरून रोज उडी मारते. काल त्याचं धोतर अडकलं अन् तो पडता पडता वाचला, मले बरं वाटलं. कांताबाई भांडे घासताना मले भाताची खरवड देते अन् वरून शिव्या देते. दोन्ही मी चाटून घेतो. पुढच्या खोलीले चुना मारला, तिथं मले जायची मनाई आहे. म्हणून मी गेलो. आता माझ्या पाठीचा एक फोटो भिंतीवर उमटला आहे.

माकडांबद्दल वाचलं. मी आलो की पाहून घेईन. खाज आहे, पण ते कामच समजा, दिवस जाते.

लोभाची खात्री आहे. खरवडीची नाही.

आपला
बर्डी

(खाली उजव्या पायाचा ठसा आहे. पाय कांताबाईनं धरला अन् दाबला. मी फक्त शाईची ताटली धरली, तीही हात लांब करून अन् तोंड तिकडे फिरवून. — काका)


रामटेक
१८ ऑक्टोबर १९७३

चि. रविंद्रास अनेक आशीर्वाद.

तुझं म्हणजे बर्डीचं पत्र आलं. पोरं तीनदा वाचून हसले. प्रेमिलानं तो ठसा कापून घेतला अन् देवाजवळ ठेवला. मी ठेवू दिला, इथं देवाले माकडांची सवय आहेच.

पण तुले एक सांगते भाऊ, राग नको मानू. तू पत्रात जे लिहिलं ते वाचून मले हसूही आलं अन् तुझी शरमही आली. तू सहा वर्षांचा होता तेव्हा तुले सगळ्या अंगाले खरूज झाली होती, आठवते? बोटांच्या मधात पाणी भरलं होतं. आई बाळंत होती. मी रोज तुले कडुलिंबाच्या पाण्यानं धुवत होती अन् गंधक लावत होती, अन् तू माझ्याच पांघरुणात झोपत होता. कोणी तुले उडी मारून नाही ओलांडलं.

करंजाचं तेल गरम कर, त्यात गंधकाची पूड घाल, अन् दिवसाआड लाव. हाताले कापड गुंडाळ, मरत नाही तू. पंधरा दिवसांत केस येतात, आमच्या गोठ्यातल्या कुत्र्याले आले.

गोपाळराव येतील तेव्हा जास्त बोलू नको, तुझ्या बोलण्यानं लोकं घाबरतात. कौसल्येचा फोटो पाहून तुले पडदा दिसला, धन्य आहे बाप्पा तुझी.

पोरं इथं मजेत आहेत पण दर संध्याकाळी विचारतात, आता बर्डी काय करत असेल. मी म्हणते, काकाच्या दारात असेल. मंग ते झोपतात.

लोभ करतच असते, तू त्याच्यालायक राहजो.

तुझी ताई
कुसुम


महाल, नागपूर
२२ ऑक्टोबर १९७३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोट्ट्यांच्या हाती पडू देऊ नको. पाकिटावर तुझं नाव एवढं मोठं लिहिलं ते त्यासाठीच. वाचून चुलीत घाल.

बर्डी घरी नाही. शुक्रवारी मी त्याले कन्हान नदीच्या पलीकडे सोडून आलो.

झालं असं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी भाऊनं मले बोलावलं. म्हणे, दारात असं सडकं कुत्रं पाहून कोण आपली मुलगी देईल? मी म्हणालो, तेल लावू. भाऊ म्हणे, दोन दिवसांत केस येतात का? वहिनी म्हणे, पोरं घरी नाहीत तोवर झालं तर झालं, नंतर सांगू पळून गेलं म्हणून. कांताबाईले सांगून पाहिलं, त तिनं हातातलं पातेलं आपटलं अन् म्हणाली, भांडे घासाचं सांगा, हे मले नका सांगू. राहिलो मी. अन् खरं सांगू? मले सुटल्यासारखं वाटलं. आता उंबऱ्यावरून उडी मारावी लागणार नाही, हे पहिलं मनात आलं.

सायकलच्या कॅरिअरवर पोतं टाकलं. हाताले वर्तमानपत्र गुंडाळलं, की धरून घालावं लागेल. गरज नाही पडली. मी नुसतं म्हणालो, चल बर्डी, मुकुंदकडे जाऊ, प्रेमिलाकडे जाऊ. तो उठला, अन् आपल्या पायानं पोत्यावर येऊन बसला. मी पोत्याचं तोंड त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं अन् दोरी बांधली. कामठीपर्यंत तो माझ्या पाठीवर श्वास सोडत होता. ओला, गरम. मी शर्ट नंतर जाळला.

पुलाच्या पलीकडे एक चहाची टपरी आहे. तिथं दोरी सोडली. बिस्किटं लांब फेकली, तो तिकडे गेला, अन् मी सायकल फिरवली. तो मागं आला, पुलाच्या मधापर्यंत. शाळेच्या रिक्षामागं धावते तसाच धावून राहिला होता, मजेत. त्याले वाटलं असेल आपण सोबतच जाऊन राहिलो. मंग मागं पायांचा आवाज आला नाही.

काल गोपाळराव आले. आता ऐक. माणसाच्या मानेले गजकर्ण. कॉलरच्या वर, ताम्हणाएवढं, कडेनं लाल. बसल्यापासून खाजवून राहिला. खर्र, खर्र. नखात पाहते, मांडीले पुसते, अन् त्याच हातानं समोरच्या ताटलीतला चिवडा उचलते. भाऊ म्हणे, अजून घ्या ना. वहिनी म्हणे, लाडू घ्या ना. त्यानं चार लाडू चाचपून एक घेतला. अन् जाताना मले जवळ ओढून पाठीवर थोपटलं. आम्ही सगळे हसून राहिलो होतो, ताई, सगळे! मी पण! त्याच्या हाताखाली माझी पाठ आकसली अन् माझं तोंड हसून राहिलं.

त्यांनी पसंत केलं. घर स्वच्छ आहे म्हणे.

सोबत बर्डीच्या नावचं पत्र वेगळ्या पाकिटात टाकलं. पोट्ट्यांची सुट्टी खराब करू नये म्हणून. ते वाचून दाखवशील ना?

रागव, पण लोभ काढून नको घेऊ.

तुझा
रविंद्र


महाल, नागपूर
२२ ऑक्टोबर १९७३

ती. दादा व ती. ताई यांस बर्डीचा नमस्कार वि. वि.

मी मजेत आहे. खाज कमी आहे. करंजाचं तेल लावून राहिले. काल पाहुणे आले होते, मी शहाण्यासारखा वागलो, कोणाले दिसलोच नाही.

दिवाळीले फटाके जपून उडवा. सही नेहमीप्रमाणे उजव्या पायानं केली आहे.

लोभ आहेच, तो रामटेकले सोबत नेला तसा परत आणावा.

आपला
बर्डी


रामटेक
२९ ऑक्टोबर १९७३

ती. काकास मुकुंद व प्रेमिलाचा नमस्कार.

हा कोणाचा पाय आहे?

बर्डीच्या उजव्या पायाले तीनच बोटं आहेत. आम्ही दुसरीत अन् चौथीत होतो तेव्हा तो शाळेच्या रिक्षामागं धावत आला अन् रिक्षाचं चाक गेलं त्याच्या पायावरून. एक बोट तुटलं. प्रेमिलानं आपली रिबीन बांधली होती. लय रक्त होतं. तू घरीच होता. आम्ही तुले हाका मारल्या, तू म्हणाला अभ्यास आहे, अन् खिडकी लावून घेतली.

पहिल्या पत्रावर तीन बोटं आहेत. या पत्रावर चार आहेत. अन् हा पाय लहान आहे. बर्डी मोठा आहे.

आत्याले विचारलं त ती स्वयंपाकघरात जाऊन बसली. आम्ही दिवाळीचे अनारसे खाल्ले नाही.

बर्डी कुठं आहे ते खरं लिही.

मुकुंद
प्रेमिला


रामटेक
२९ ऑक्टोबर १९७३

चि. रविंद्रास आशीर्वाद.

पोरांचं पत्र सोबत आहे. मी एक शब्दही सांगितला नाही, त्यांनी पाय मोजला.

तुझं पत्र मी चुलीत घातलं नाही. ठेवलं आहे. कधी तू मोठा माणूस झाला, त तुले वाचाले देईन.

पाच दिवस मी त्या पोरांच्या समोर बसून तुझं खोटं वाचत होती, रवी. प्रेमिला म्हणे, आत्या परत वाच, खाज कमी आहे ते वाच. मी वाचलं. मले माझ्याच तोंडाची घाण वाटली. तुले गजकर्ण दिसलं, चिवडा दिसला, लाडू दिसला. चार वर्षं घरात राहिलेल्या कुत्र्याले बोटं किती ते नाही दिसलं. ठसा तुझ्या हातात होता, पत्र घडी घालताना तरी पाहायचं होतं.

अन् हा चार बोटांचा पाय कोणाचा आणला ते तरी सांग.

पोरांले स्वतः लिही. बर्डी होऊन नको, रविंद्र होऊन लिही. नाही लिहिलं त मी लिहीन, अन् माझ्या हातचं तुले जास्त लागेल.

कुसुम


महाल, नागपूर
१ नोव्हेंबर १९७३

चि. मुकुंद व चि. प्रेमिला यांस अनेक आशीर्वाद.

पाय बडकस चौकातल्या एका पिल्लाचा आहे. त्याले बिस्किट दाखवलं, मांडीवर घेतलं, पाय शाईत बुडवला अन् कागदावर दाबला. आयुष्यात पहिल्यांदा मी कोण्या कुत्र्याले हात लावला, तो खोटी सही घ्यायसाठी.

बर्डीले मी १९ तारखेले सायकलवर कन्हानले नेलं अन् पुलाच्या पलीकडे, चहाच्या टपरीजवळ सोडलं. मी एकट्यानं. घरात ठरलं होतं हे खरं आहे, पण सायकल माझी होती. तो पळून गेला नाही. मारलं नाही. त्याले तुमचं नाव सांगितलं म्हणून तो आला.

मले त्याच्या लुतीची किळस येत होती. तुम्हाले येत नव्हती, ते मले तेव्हा घाणेरडं वाटत होतं. हे मी सफाई म्हणून लिहीत नाही. तुम्ही खरं लिही म्हणाले, म्हणून लिहितो.

खिडकी लावल्याचं आठवते. बाहेर कोण ओरडून राहिलं, हे मी उठून पाहिलं नाही. कांताबाईले आज विचारलं, तुले बोट माहीत होतं का. ती म्हणाली, सगळ्या गल्लीले माहीत आहे.

लोभाबद्दल काही मागत नाही.

काका


रामटेक
३ नोव्हेंबर १९७३

श्री. बर्डी (कुत्रा, उजव्या पुढच्या पायाले तीन बोटं, पाठीवर केस नाहीत)
कन्हान नदीचा पूल, रामटेकच्या बाजूनं, चहाच्या टपरीजवळ
मु. पो. कन्हान

चि. बर्डीस अनेक आशीर्वाद.

आम्ही तुले सोडलं नाही. काकानं सोडलं. आम्ही रामटेकले आहो, घर गडाच्या खाली, आमच्या मामाजींच्या, गणपतराव यांच्या नावानं कोणालेही विचारा. तू पुलावर नको बसू, ट्रक जातात. जो कोणी हे कार्ड वाचत असेल त्यानं बर्डीले वाचून दाखवावं, त्याले समजते. मंग आम्हाले कळवावं.

तुझी पाठ दुखत असेल त चाटू नको, आम्ही येतो.

मुकुंद, प्रेमिला


कन्हान
७ नोव्हेंबर १९७३

श्री. गणपतराव यांस नत्थूजी चहावाल्याचा रामराम वि. वि.

मी लिहिणं शिकलो नाही, माझी मुलगी रुख्मिणी सहावीत आहे, ती लिहून राहिली. पत्रात चूक असेल त तिची, बोलणं माझं.

पोस्टमन कार्ड घेऊन आला अन् म्हणे, नत्थूजी, तुमच्या पाहुण्याच्या नावानं टपाल आहे. बाकावर दहा जण होते, सगळे हसले. मंग पोस्टमननं मोठ्यानं वाचलं, त कोणी हसलं नाही. रुख्मिणीनं पाय उचलून मोजला. तीन बोटं आहेत. कुत्रं तुमचंच.

तब्येत सुधरून राहिली. आला तेव्हा पाहवत नव्हतं. आमच्याकडे ट्रकवाले येतात, त्यांनी जळकं ऑइल लावाले सांगितलं होतं, मी नाही लावलं, कुत्रं चाटते अन् मरते. करंजाचं तेल अन् गंधक रुख्मिणी लावते. पाठीवर बारीक केस आले.

पण त्याची एक गोष्ट आहे. दिवसभर पुलाच्या तोंडाशी बसते. नागपूरकडून सायकल आली की उठते, जवळ जाऊन सायकलवाल्याचं तोंड पाहते, अन् परत येऊन बसते. मोटार आली, बैलगाडी आली, उठत नाही. सायकललेच उठते. आम्ही बांधून पाहिलं, त अन्न सोडलं, म्हणून मोकळं ठेवलं.

अजून एक. मागच्या रविवारी दुपारी एक चष्मेवाला सायकलनं आला. पुलाच्या मधात थांबला, उतरला. कुत्र्यानं पाहिलं अन् असं धावलं की मी कधी पाहिलं नाही, तंगडी उडवत. ते अर्ध्यात पोचलं असेल, त्या माणसानं सायकल फिरवली अन् निघून गेला. कुत्रं तिथंच उभं राहिलं, मागून ट्रक भोंगा देऊन राहिला. मी जाऊन उचलून आणलं. तो तुमचा कोणी आहे का?

लेकरांले पाठवा. चहा आमच्याकडे. माया आहे, ओळख नसली तरी.

नत्थूजी
लि. रुख्मिणी


रामटेक
१२ नोव्हेंबर १९७३

चि. रविंद्रास आशीर्वाद.

नत्थूजीचं पत्र सोबत पाठवते, वाच अन् वापस कर, पोरं मागतील.

काल हे पोरांले घेऊन पॅसेंजरनं कन्हानले गेले. पुलावर पोरांले पाहून बर्डीनं काय केलं ते यांच्यानं सांगवत नाही, सांगताना नाक शिंकरतात अन् म्हणतात सर्दी झाली. येताना गार्डच्या डब्ब्यात त्याले ठेवा म्हटलं, त गार्ड म्हणे हे लुतीचं कुत्रं नाही नेत. मंग प्रेमिलानं गार्डसमोर त्याच्या पाठीवर गाल ठेवला अन् म्हणाली, पाहा, काही होत नाही. गार्डनं नेलं.

पोरांनी ठरवलं, बर्डी आता रामटेकलेच राहणार. महालच्या घरी त्याले न्यायचं नाही. भाऊले मी वेगळं लिहिलं आहे, ते तो तुले दाखवणार नाही.

आता हे सांग, तो चष्मेवाला तूच होता ना?

कुसुम


महाल, नागपूर
१४ नोव्हेंबर १९७३

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हाव. मीच.

आणायलेच गेलो होतो. पोतं सोबत होतं, तेलाची शिशी पण होती. वाटेत दहादा ठरवलं, उतरायचं, दोन्ही हातांनी उचलायचं, वर्तमानपत्र नाही घ्यायचं. पुलावर उतरलो. तो पलीकडून येताना दिसला. मले वाटलं होतं तो गुरगुरेल, चावेल, निदान ओळख देणार नाही. मी तेवढ्याची तयारी करून गेलो होतो. पण तो हसून राहिला होता, ताई. कुत्रे हसतात तसं, पूर्ण अंगानं. ती सोललेली पाठ डावीकडे-उजवीकडे फेकत, सरळ माझ्या अंगावर. ज्यानं पोत्यात बांधून आणलं त्याच्याकडे.

मले किळस आली. लुतीची नाही. त्याले इतकं कसं काही समजत नाही, त्याची मले चीड आली, अन् तो जवळ आला त मी कोण आहे हे मले हातात धरावं लागलं असतं. सायकल कशी फिरली ते माहीत नाही.

हे तुले लिहायचं नव्हतं. मी आणाले गेलो होतो, एवढंच लिहून मोठं होता आलं असतं. नत्थूजीनं सांगून टाकलं, बरं झालं.

गोपाळरावांले भाऊनं होकार कळवला. मी नाही म्हटलं नाही. तेवढी हिंमत असती त कुत्र्याच्या वेळेसच म्हटलं असतं. काल ते पुन्हा आले, त्याच मानेनं, त्याच ताटलीतून खाल्लं, मले जवळ बसवलं. आता मले त्यांची किळस येत नाही. आम्ही एका ताटलीचे आहो.

उंबरा रिकामा आहे. मी अजून उडी मारतो.

पोट्ट्यांले विचार, मी एकदा रामटेकले येऊ का. दुरूनच पाहीन.

रविंद्र


रामटेक
१६ नोव्हेंबर १९७३

काका,

आत्या म्हणाली वरती नमस्कार लिही. लिहिला नाही.

हा खाली बर्डीचा उजवा पाय आहे. मी धरला, मुकुंददादानं कागद दाबला. नीट पाहून ठेव. बोटं मोजून पाहा.

आम्ही सोमवारी शाळेसाठी येऊ. बर्डी येणार नाही. त्याच्या नावानं आता कोणी पत्र लिहायचं नाही.

तू ये म्हणत नाही, येऊ नको पण म्हणत नाही. मामाजींची सायकल अंगणात असते. ती कोणी काढली की बर्डी अजून उठते अन् तोंड पाहाले जाते.

मी नाही उठत.

प्रेमिला